पायाळूची बायको

हौसा पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. नीट उजाडलं नव्हतं म्हणून मी परसातला बल्ब लावला होता. तिनं पदर पुढे ओढून घेतला आणि मान खाली घातली. मी तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध उजवा पाय टेकवला आणि हळूहळू कमरेपर्यंत खाली आणला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा कळलं की तिची पाठ ओली आहे. झंपर पाठीला चिकटला होता. हवेत गारवा होता, अंगावर काहीतरी घ्यावं असा. तरी तिची पाठ ओली होती, आणि तो ओलावा गार होता.

मी काही बोललो नाही. बोलायचं नसतं.

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे असं मानतात की पायाळू माणसानं पाठीवरून पाय फिरवला की उसण निघून जाते. ओझं उचलताना, वाकताना, कधी नुसतं शिंकताना पाठीत एकदम कळ भरते, तिला उसण म्हणतात. माणसाला मग वळता येत नाही की श्वास नीट घेता येत नाही. मी सात वर्षांचा असल्यापासून लोक माझ्याकडे येत. आई मला झोपेतून उठवून उभं करायची आणि माझा पाय कुणाच्या तरी पाठीवर ठेवायची. मोठा झालो तसं आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून माणसं येऊ लागली. हमाल, ऊसतोडीवाले, बाळंतीण बायका, एकदा तर शाळेचे हेडमास्तर.

त्याचे नेम होते. उठल्याउठल्या यायचं, चूळसुद्धा भरायची नाही. पाठ करून बसायचं. ज्याला दुखतंय त्यानं काही सांगायचं नाही आणि मीही काही विचारायचं नाही. तीन वेळा पाय फिरवून झाला की उठून सरळ चालू लागायचं, मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गुण येत नाही.

त्या दिवशी हौसा उठली, दोन पावलं गेली आणि तिनं वळून बघितलं.

मला राग आला. मी म्हणालो, "वळून का बघितलंस? आता परत उद्या बसावं लागंल."

ती काहीतरी बोलणार होती. मग "व्हय," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या हिंगणवाडीत माझी पिठाची गिरणी होती. आता ती मी भाच्याला दिली आहे. गिरणीला लागून पत्र्याच्या खोलीत डंक होता, मिरची आणि मसाला कुटायचा. गिरणी मी बघायचो आणि डंक हौसा. तिच्या हाताखाली अनुसया होती, कुटलेली चटणी चाळायला. उन्हाळ्याच्या तोंडाला अख्ख्या गावाची वर्षाची चटणी आमच्याकडे व्हायची. बायका भाजलेल्या मिरच्यांची घमेली घेऊन ओळीनं बसायच्या. त्या खोलीत कुणीही आलं की दोन मिनिटांत त्याच्या नाकातोंडातून पाणी यायचं. हौसाला मात्र काही व्हायचं नाही. तीस वर्षं ती त्यातच होती.

म्हणून त्या मोसमात तिला घाम यायला लागला, दम लागायला लागला, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. डंकावर बसलेल्या बाईला घाम येणारच.

हे सगळं बारा दिवस आधी सुरू झालं होतं. धण्याचं पोतं आत घ्यायचं होतं. मी जात्याचे दगड काढून त्यांना टाकी लावत होतो, म्हणून तिनं आणि अनुसयेनं मिळून पोतं ओढलं. उंबऱ्यावर हौसा एकदम थांबली. एक हात पोत्यावर आणि एक हात मागे पाठीवर. अनुसया म्हणाली, "काकू, उसण भरली बघा." हौसानं मान हलवली. तिच्या तोंडाला रंग नव्हता. ती तिथंच पोत्यावर टेकली, मग पाचएक मिनिटांत उठली आणि कामाला लागली.

बायकांना ते चांगलं निमित्त झालं. एक म्हणाली, "हौसाबाई, औषध घरातच हाय की." दुसरी म्हणाली, "दुसऱ्यांच्या बायकांस्नी पाय लावतोय, आज घरच्या बायकूला लावंल." हौसा त्या बायकांना काही हार जाणारी नव्हती. ती म्हणाली, "जळू नगा, तुमच्या दाल्ल्यांच्या लाथा फुकट जात्यात, आमच्या घरात लाथेचं औषध हुतंय." सगळ्या हसल्या. मी गिरणीच्या दारातून ऐकत होतो. मलाही हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं, ते खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाय फिरवला. ती उठली, न बघता चूल पेटवायला गेली. चहा देताना मी विचारलं, राहिली का. ती म्हणाली, राहिली की. दिवसभर ती नेहमीसारखी होती.

चार-पाच दिवसांनी ती शाळेचा चढ चढताना थांबली. मी मागून सायकल ढकलत येत होतो. ती फाटकाला धरून उभी होती. मला बघून तिनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, दाढ ठणकतेय. डाव्या बाजूला, खालची. त्या दिवसापासून तिच्या गालात लवंग असायची. दाढ दुखते म्हणून मशेरीही जरा जास्तच लावायची. तंबाखू भाजून केलेली ती मशेरी ती लग्नाच्या आधीपासून लावत होती. तिला तिच्या आईनंच लावली होती सवय. जेवताना ती अर्धी भाकरी ठेवू लागली. म्हणायची, जळजळतंय, पित्त झालंय. मी तिला सोडा आणून दिला. मी चेष्टाही केली. म्हणालो, पाठीला मी आहे, पोटाला सोडा आहे, दाढेला लवंग आहे, आता काय राहिलं? ती हसली होती.

चढावर थांबली त्याच संध्याकाळी पाठीत परत भरलं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुसऱ्यांदा पाय फिरवला. मी विचारलं, बरं वाटलं का. ती म्हणाली, बरं वाटलं.

नवव्या दिवशी शैलजा दळण घेऊन आली. ती आमच्या गावची आशा सेविका. पिशवीत तिचं रक्तदाब मोजायचं यंत्र कायम असायचं. दळणाला वेळ होता म्हणून तिनं डंकाच्या दारात बसून दोघी-तिघींचा रक्तदाब बघितला, त्यात हौसाचाही. गिरणी चालू होती. गिरणी चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात. मला दिसलं की शैलजानं दोनदा पट्टा बांधला. मग तिनं हौसाचा दंड धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. हौसा माझ्याकडे बघत होती. मी हात वर करून काय झालं असं विचारलं. तिनं हात हलवला, काही नाही असा.

रात्री जेवताना विचारलं तर म्हणाली, मीठ कमी खा म्हणाली, साखरेच्या गोळ्या चुकवू नको म्हणाली. तिला साखर होती सहा वर्षांपासून. गोळ्या ती आठवण झाली की घ्यायची. मी म्हणालो, घेत जा की मग. झालं तेवढंच बोलणं.

आणि बाराव्या दिवशी पहाटे, मी सुरुवातीला सांगितलं तो प्रसंग. ओली पाठ, आणि तिचं वळून बघणं.

साडेआठच्या सुमाराला मी गिरणीचा पट्टा चढवत होतो. डंकाचा आवाज बंद झाला. वीज गेली असं वाटलं, पण गिरणीचा दिवा चालू होता. तेवढ्यात अनुसयेनं हाक मारली. मी गेलो तर हौसा भिंतीला टेकून बसलेली होती, पाय लांब केलेले. चटणीचं घमेलं तिच्या मांडीवर तसंच होतं. कपाळावरून, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. ती डावा हात उजव्या हातानं दाबत होती.

ती म्हणाली, "वांती होईल असं वाटतंय." मग म्हणाली, "पाठीत कुणीतरी बसलंय."

मला पहिल्यांदा काय सुचलं असेल? मला वाटलं, तिनं सकाळी वळून बघितलं म्हणून गुण आला नाही. मी तिला वळवायला लागलो, पाठ माझ्याकडे करायला. अनुसयेनं माझा हात धरला. ती म्हणाली, "नाना, आता न्हाई. गाडी बघा." तिनं हात धरला नसता तर मी तिथंसुद्धा पाय ठेवला असता.

रज्जाकची व्हॅन पारावर उभी असायची, सवारी भरत. त्यानं भरलेली माणसं उतरवली आणि गाडी थेट दारात आणली. मागच्या सीटवर मी बसलो, हौसाला कवेत घेऊन. तालुक्याचं गाव आमच्यापासून बावीस किलोमीटर. निम्मा रस्ता खडीचा होता तेव्हा. रज्जाक खड्डे चुकवत होता तरी प्रत्येक धक्क्याला तिचा श्वास अडकत होता.

नदीचा पूल गेल्यावर तिला जरा उतार पडल्यासारखं झालं. तिनं डोळे उघडले. मी म्हणालो, "पोचलोच. आधी दोन वेळा राहिलं, आताबी राहील."

ती म्हणाली, "पयल्या बारीला राहिलं."

मी म्हणालो, "आणि दुसऱ्या बारीला?"

तिनं मान हलवली.

"मग मला बरं वाटलं म्हणालीस ते?"

"म्हणाले."

"का गं?"

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "भाईर लोक येऊन बसलेले असायचे. सोनगावचा त्यो म्हातारा आलता, बैलगाडीनं. पायाळूच्या बायकूलाच गुण न्हाई म्हटल्यावर..." पुढचं तिनं सोडून दिलं.

रज्जाकनं उगाचच हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणी नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि सकाळी वळून कशाला बघितलंस?"

"तुमचं तोंड बघायला," ती म्हणाली. "बघणाऱ्या बाया म्हणत्यात, पाय ठेवताना नानांचं तोंड लई शांत असतं. देवावानी. मला कधी दिसलंच न्हाई. पाठच असायची माझी."

"मग? कसं दिसलं?"

ती हसायला गेली. "रागावलेलं," म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी वेळ लावला नाही. तिला झोपवलं, हातापायाला आणि छातीला वायरी लावल्या आणि यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टर तरुण होते, आमच्या मुलीच्या वयाचे. त्यांनी पट्टी बघितली, एक गोळी तिला चावून खायला दिली, दुसरी जिभेखाली ठेवली आणि नर्सला मिरजेला न्यायला रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. ते करताकरता मला विचारत होते. साखर आहे का, रक्तदाब आहे का, तंबाखू. मी म्हणालो, मशेरी लावते. त्यांनी विचारलं, माहेरी कुणाला हृदयाचा त्रास? मी म्हणालो, नाही, कुणाला नाही. मग आठवलं म्हणून सांगितलं, तिची आई पंचावन्नाव्या वर्षी ज्वारी निवडताना बसल्या जागी गेली. आम्ही सगळे त्याला पुण्याईचं मरण म्हणायचो. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहून घेतलं.

"दुखायला कधी लागलं?"

"बारा दिवस झाले," मी म्हणालो.

"बारा दिवस काय केलंत?"

दाराशी रज्जाक उभा होता. तो म्हणाला, "घरचा उपाय केला, साहेब."

रुग्णवाहिका आवारात येऊन लागली तेव्हा हौसा गेली होती. डॉक्टरांनी आणि नर्सनं तिची छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मी पायथ्याशी उभा होतो. तिचे पाय चादरीतून बाहेर आले होते, टाचांना चटणी लागलेली होती. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसत होतो. डॉक्टरांनी हात थांबवले तरी मी पुसतच होतो.

दहावं झालं त्या दिवशी शैलजा आली. बायका उठून गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले होते तिचे. म्हणाली, नाना, त्या दिवशी वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता. काकू म्हणाल्या पाठीत, दाढेत आणि डाव्या हातात येतंय, चढाला जास्त होतंय. मी त्यांना सांगितलं की उद्याच्या उद्या तालुक्याला जाऊन छातीची पट्टी काढा, मी येते सोबत. तर म्हणाल्या, मोसम संपू दे. मी म्हटलं, नानांना सांगते मी. तर माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, त्यांना सांगू नको, त्यांना वाटेल त्यांचा पाय खोटा पडला.

शैलजा म्हणाली, "मी गिरणी बंद करायला लावून सांगायला पाहिजे होतं."

मी तिला म्हणालो, तुझी काही चूक नाही. तिला ते खरं वाटलं नसावं. पुढे कधीही दळण टाकायला ती स्वतः आली नाही, नवऱ्याला पाठवायची.

महिन्याभरानं मी दाखल्यासाठी दवाखान्यात गेलो. तेच डॉक्टर होते. दाखला हातात घेऊनही मी उठलो नाही. बाहेर रांग होती. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हणालो, तिच्या छातीत कधीच दुखलं नाही, मग हे हृदयाचं कसं? ते म्हणाले, सगळ्यांच्या छातीत दुखत नाही. बायकांच्या आणि साखर असलेल्यांच्या बाबतीत तर पुष्कळदा नाहीच. पाठीत येतं, जबड्यात येतं, हातात येतं. पित्त झाल्यासारखं वाटतं, गार घाम येतो, थोड्या कामानं दम लागतो. चाललं की वाढतं आणि बसलं की कमी होतं. ही खूण लक्षात ठेवा, म्हणाले. पहिल्याच दिवशी आला असतात तर बहुधा आपण काहीतरी करू शकलो असतो.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पाय, नेम, तीन वेळा. कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. आणि विचारलं, माझ्या पायानं काही झालं का?

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही," म्हणाले, "पायानं काही झालं नाही."

"पण पहिल्या वेळी राहिलं होतं."

"त्या बसल्या ना पाटावर, शांत? बसल्यामुळे राहिलं."

मी दाखला घडी करून खिशात ठेवला. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि वहाण घालताना उजवा तळवा हातानं चाचपून बघितला. ओला वाटत होता. कोरडा होता.

अजूनही तसं होतं. गिरणीत पाटावर बसलेलो असतो, कधी देवळात, कधी मुलीकडे जयसिंगपूरला नातवाला मांडीवर घेऊन. एकदम तळव्याला गार ओलं लागतं. मी वाकून बघतो. नातू विचारतो, आजोबा काय टोचलं. मी म्हणतो, काही नाही.

त्यानंतर मी कुणाच्या पाठीवर पाय ठेवला नाही. सुरुवातीला लोक येत. मी आत बसून राहायचो, दार उघडायचो नाही. लोकांनी आपापसात ठरवलं की बायको गेल्यावर पायाळूचा गुण जातो, आणि यायचे थांबले. मीही त्यांना तेच समजू दिलं. खरं रज्जाकला माहीत होतं. त्यानं ते कुणाजवळ काढलं नाही. माझ्याजवळही नाही.

मीही कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेली खूण माझ्याजवळच राहिली आठ वर्षं. पायाळूचा गुण गेला असं लोक म्हणत होते, आणि मुळात तो कधी नव्हताच हे सांगायचं म्हणजे हौसानं काय झाकून ठेवलं तेही सांगावं लागणार. ते मला जमलं नाही.

गेल्या साली माघात मी एकदा पहाटे अंगण झाडायला उठलो. दार उघडलं तर पायरीवर कुणीतरी बसलं होतं, दाराकडे पाठ करून. डोक्यावरून पदर, मान खाली. दार वाजलं तरी वळलं नाही.

मी खराटा हातात धरून तसाच उभा राहिलो. पाठ मला ओळखीची वाटली, हौसाची वाटली. मग पदराखालून सुटलेल्या केसांवरून कळलं. अनुसया होती. हौसा गेल्यावर डंक तिनंच चालवला. आता तीही पन्नाशीची झाली होती.

तिला माहीत होतं की मी सोडून दिलंय. तरी आली होती, न चूळ भरता, न बोलता, नेमाप्रमाणे. तिनं पदर पुढे ओढून घेतला आणि पाठ मोकळी केली.

मी खराटा ठेवला. पायरी उतरून तिच्या पुढे गेलो आणि खाली जमिनीवर बसलो, तिचं तोंड दिसेल असा. ती दचकली. इतक्या वर्षांत पाठ दाखवायला आलेल्या कुणाचंही तोंड मी बघितलं नव्हतं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"अनुसये, कधीपास्नं दुखतंय?"

तिनं घाईनं तोंडावर बोट ठेवलं.

"हातात येतंय का? जबड्यात? चढाला वाढतंय का? बसलं की कमी पडतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुजबुजली, "नाना, बोलायचं नसतंय की. तुमी बोललासा. आता गुण यायचा न्हाई."

"न्हाई येऊ दे," मी म्हणालो. "तू बोल."

तिनं तोंडावरचं बोट काढलं आणि तो हात डाव्या दंडावर नेला. "बेस्तरवारपास्नं," ती म्हणाली. मी समोरच्या रज्जाकच्या दाराकडे तोंड करून त्याला हाक मारली आणि परत तिच्यासमोर बसलो. म्हटलं, पुढं सांग.